रेडिएशन ३३ दिवस, २० दिवस की ५ दिवस? स्तनाच्या कर्करोगाच्या ऑपरेशननंतरचं वेळापत्रक कसं ठरतं

मी एरवी राऊटर, बॅटरी, कॅमेरा असल्या गोष्टींवर लिहिते. पण गेल्या वर्षी माझ्या मावशीच्या फाईलवर एक ओळ वाचली आणि तिचा अर्थ लावता लावता महिना गेला. ओळ एवढीच होती: ४० ग्रे, पुढे १५ आणि हॅशचं चिन्ह (#), मग अधिकचं चिन्ह, मग १० ग्रे, ५ आणि पुन्हा हॅश.

मावशी चारकोपला राहते. तिच्या स्तनात दोन सेंटिमीटरच्या आतली गाठ निघाली, काखेतल्या गाठींपर्यंत काही पोचलं नव्हतं. स्तन ठेवून फक्त गाठ काढली. मग डॉक्टर म्हणाले, आता रेडिएशन, २० दिवस. हे कळल्यावर शेजारच्या काकू भेटायला आल्या. त्यांचं २००८ साली झालं होतं, बऱ्यापैकी अशीच गाठ, आणि त्यांना ३३ दिवस जावं लागलं होतं. "तुला वीसच कसे?" असं त्या म्हणाल्या. त्याच संध्याकाळी इंग्लंडमधल्या आमच्या एका नातेवाईक बाईंचा फोन आला, "अगं, इथे तर मला पाच दिवसांत मोकळं केलं."

झालं! मावशीच्या डोक्यात किडा शिरला. कमी दिवस म्हणजे स्वस्तातलं औषध का? की काकूंना उगाच जास्त दिलं? की आपल्याकडे पाच दिवसांचं मशीनच नाही? रात्री तिने मला विचारलं, "बाई गं, तू ते कॉम्प्युटरचं लिहितेस ना, हे जरा बघून सांग."

हा लेख म्हणजे तिला दिलेलं उत्तर, जरा नीट लिहून काढलेलं. यात तुमच्या स्वतःच्या केससाठी किती दिवस हे मिळणार नाही, ते तुमचे रेडिएशनचे डॉक्टरच सांगतील. पण ते जो आकडा सांगतील तो कुठून येतो, हे कळेल.

गाठ काढली, मग रेडिएशन कशाला?

सर्जन डोळ्याला दिसणारी, हाताला लागणारी गाठ आणि तिच्याभोवतीची थोडी चांगली पेशीजाल काढतो. उरलेल्या स्तनात सूक्ष्म पेशी राहिल्या असतील तर त्या कुठल्याच स्कॅनमध्ये दिसत नाहीत. रेडिएशन असतं ते त्यांच्यासाठी.

याचा हिशोब मोठा झालेला आहे. २०११ साली जगभरातल्या १७ चाचण्यांमधल्या १०,८०१ स्त्रियांची माहिती एकत्र करून पाहिली गेली. स्तन ठेवून ऑपरेशन केल्यावर रेडिएशन न घेतलेल्यांमध्ये दहा वर्षांत आजार कुठेतरी पुन्हा उद्भवण्याचं प्रमाण ३५ टक्के होतं, घेतलेल्यांमध्ये १९.३ टक्के. पंधरा वर्षांत या आजाराने होणारे मृत्यू २५.२ टक्क्यांवरून २१.४ टक्क्यांवर आले. म्हणजे चार जणींचा आजार परतणं टळलं की साधारण एकीचा जीव वाचतो.

स्तन ठेवायचा हा निर्णयच रेडिएशनच्या भरवशावर घेतलेला असतो. २००२ साली अमेरिका आणि इटलीतल्या दोन चाचण्यांचे वीस वर्षांचे निकाल आले, त्यात गाठ काढून रेडिएशन घेतलेल्या आणि पूर्ण स्तन काढलेल्या स्त्रिया सारख्याच जगल्या. म्हणून "ऑपरेशन झालं, आता पुढचं बघू" असं म्हणून अर्धवट सोडणं फार महागात पडू शकतं. आणि इथेच दिवसांचा प्रश्न जिवाचा होतो. रोज लांबचा प्रवास, दीड महिना, घरात लहान मुलं, रोजंदारी बुडतेय, अशा वेळी काही बायका सरळ "सगळा स्तनच काढून टाका, ते रोजचं जाणं नको" असं म्हणतात. वेळापत्रक छोटं झालं की ही सक्ती कमी होते.

ग्रे म्हणजे काय? आणि याला 'शेक' का म्हणू नये

आपल्याकडे कुणी याला 'लाईट घेणं' म्हणतं, कुणी 'शेक', हिंदी बोलणारे 'सिकाई'. त्यामुळे वाटतं की आत काहीतरी भाजत असणार.

ग्रे हे डोसचं एकक आहे, लुईस हॅरॉल्ड ग्रे या ब्रिटिश शास्त्रज्ञाच्या नावावरून. एक किलो पेशीजालात एक ज्यूल ऊर्जा शोषली गेली की एक ग्रे. आता एक किलो पाणी एक अंश तापवायला साधारण ४,१८६ ज्यूल लागतात. म्हणजे पूर्ण ५० ग्रे एकदम दिला असता तरी तापमान एका अंशाच्या साधारण शंभराव्या भागाएवढंच वाढलं असतं. गरम चहाचा एक घोट याहून कितीतरी जास्त उष्णता पोटात नेतो.

तरी परिणाम एवढा मोठा, कारण ही ऊर्जा नेमकी जागा पकडते. क्ष-किरण पेशीतल्या रेणूंमधून इलेक्ट्रॉन उडवतात, त्यातून डीएनएचे धागे तुटतात. एकच धागा तुटला तर पेशी दुरुस्त करते. दोन्ही धागे जवळजवळ तुटले तर दुरुस्ती फसते आणि पेशी पुढे विभागताना मरते. तेव्हा त्याच वेळी काही जाणवत नाही, परिणाम नंतर दिसतो.

फाईलवरचं ते हॅशचं चिन्ह म्हणजे 'फ्रॅक्शन', एका बैठकीचा भाग. ४० ग्रे, १५ # म्हणजे एकूण ४० ग्रे, पंधरा बैठकांत, रोज २.६७ ग्रे. सोमवार ते शुक्रवार. दिवस म्हणतात ते हेच, शनिवार-रविवार त्यात धरत नाहीत.

एकदम का देत नाहीत?

इथे खरी गंमत आहे, म्हणून जरा रेंगाळते.

१९२० च्या दशकात पॅरिसमध्ये दिसून आलं की डोस एकदम देण्यापेक्षा तुकड्यातुकड्याने दिला तर कर्करोग मरतो पण कातडी तग धरते. निरोगी पेशी दोन बैठकांच्या मधल्या वेळात डागडुजी करून घेतात. कर्करोगाच्या पेशींना ते तेवढं जमत नाही. मग रोज साधारण २ ग्रे, आठवड्याला पाच दिवस, ही रीत रुळली. काकूंचे ५० ग्रे, २५ बैठका हे त्याच रीतीचं. त्यावर १६ ग्रेचा बूस्ट ८ बैठकांत, झाले ३३.

पण ही रीत एका गृहीतकावर उभी होती: कर्करोगाच्या पेशींना रोजचा तुकडा लहान की मोठा याने फारसा फरक पडत नाही, फरक पडतो तो निरोगी पेशींना. घसा किंवा गर्भाशयमुखाच्या कर्करोगात हे बऱ्यापैकी खरं आहे. स्तनाच्या बाबतीतही तसंच असेल असं धरून चाललं गेलं.

तुकड्याच्या आकाराला पेशी किती संवेदनशील आहेत हे मोजायला एक आकडा वापरतात, अल्फा-बीटा गुणोत्तर. आकडा मोठा (१० च्या आसपास) म्हणजे तुकड्याच्या आकाराचा परिणाम कमी. आकडा लहान (३ च्या आसपास) म्हणजे तुकडा मोठा केला की परिणाम झपाट्याने वाढतो. निरोगी पेशीजालाचे उशिरा दिसणारे परिणाम ३ च्या आसपास बसतात. स्तनाच्या कर्करोगाचा आकडा चाचण्यांमधून निघाला साधारण ३.५ ते ४.

म्हणजे कर्करोग आणि निरोगी भाग, दोघंही तुकड्याच्या आकाराला जवळजवळ सारखेच संवेदनशील. मग लहान लहान तुकडे करून फायदा कुणाला? जवळपास कुणालाच नाही. उलट तुकडा थोडा मोठा करून, एकूण डोस कमी करून तोच परिणाम कमी दिवसांत मिळायला हवा.

हिशोब करून बघा, मोबाईलवरचा कॅल्क्युलेटर पुरतो. सूत्र असं: एकूण डोस × (१ + रोजचा डोस ÷ अल्फा-बीटा). अल्फा-बीटा ३.५ धरू.

५० ग्रे, २५ बैठका, रोज २ ग्रे: उत्तर ७८.६
४० ग्रे, १५ बैठका, रोज २.६७ ग्रे: उत्तर ७०.५
२६ ग्रे, ५ बैठका, रोज ५.२ ग्रे: उत्तर ६४.६

५० वरून २६ म्हणजे डोस जवळजवळ निम्मा दिसतो, पण परिणामाच्या हिशोबात तो ८२ टक्के आहे. उरलेल्या फरकाचा एक भाग वेळेने भरून निघतो. पाच आठवडे चाललेल्या उपचारात शिल्लक पेशींना वाढायला पाच आठवडे मिळतात, एका आठवड्यात संपलेल्या उपचारात तेवढा वाव नसतो. हे सूत्र वेळ मोजत नाही. शिवाय सूत्र म्हणजे अंदाज, म्हणून तर हजारो स्त्रियांवर चाचण्या कराव्या लागल्या.

आता उलटं करून बघा. कुणी म्हणालं, "पाच दिवसांत संपवा पण ५० चे ५० द्या," तर उत्तर येतं १९२.९. नेहमीच्या जवळजवळ अडीच पट. कातडी, बरगड्या, फुप्फुसाचा कोपरा, सगळ्याचं वाटोळं. दिवस कमी झाले की एकूण डोस कमी करावाच लागतो. मावशीला "काकूंना ५० दिले, तुला ४० च" याची जी भीती वाटत होती तिचं उत्तर या ओळीत आहे.

मग खात्री कशी पटली?

कॅनडात १,२३४ स्त्रियांवर ५० ग्रे २५ बैठकांत आणि ४२.५ ग्रे १६ बैठकांत अशी तुलना झाली. दहा वर्षांचा निकाल २०१० साली आला: त्याच स्तनात आजार परतण्याचं प्रमाण ६.७ टक्के आणि ६.२ टक्के. छोटं वेळापत्रक मागे पडलं नाही.

ब्रिटनमधल्या 'स्टार्ट-बी' चाचणीत २,२१५ स्त्रिया होत्या, तुलना ५० ग्रे २५ बैठका आणि ४० ग्रे १५ बैठका. दहा वर्षांत आजार त्या बाजूला परतला ५.५ टक्के आणि ४.३ टक्के. त्वचा-स्तनावरचे उशिराचे परिणामही १५ बैठकांच्या गटात कमीच. ब्रिटनने २००९ पासूनच १५ बैठका हेच प्रमाण मानलं. थोडक्यात, काकूंचा उपचार झाला तेव्हा जग ज्या वळणावर होतं त्याच्या जरा अलीकडे त्या होत्या. त्यांना चुकीचं दिलं असं अजिबात नाही, ते वेळापत्रक आजही काही ठिकाणी, काही केसेसमध्ये दिलं जातं.

पाच दिवसांची गोष्ट 'फास्ट-फॉरवर्ड' या चाचणीची. ब्रिटनमधली ९७ केंद्रं, ४,०९६ रुग्ण. तीन गट: ४० ग्रे १५ बैठका, २७ ग्रे ५ बैठका, २६ ग्रे ५ बैठका. पाच वर्षांत त्याच स्तनात आजार परतण्याचं प्रमाण अनुक्रमे २.१, १.७ आणि १.४ टक्के.

मला यातला सगळ्यात बोलका आकडा मात्र वेगळाच वाटतो. पाच वर्षांनी डॉक्टरांनी तपासलं तेव्हा स्तनावर मध्यम किंवा ठळक दुष्परिणाम (कडकपणा, आक्रसणं, सूज वगैरे) दिसले ते ४० ग्रेवाल्यांत ९.९ टक्के, २६ वाल्यांत ११.९ टक्के आणि २७ वाल्यांत १५.४ टक्के. पाच बैठकांत मिळून एका ग्रेचा फरक, रोजचा जेमतेम ०.२ ग्रे, आणि दुष्परिणाम इतके वर गेले. म्हणून पाच दिवसांचं वेळापत्रक २६ ग्रेवर थांबलं. आणि म्हणूनच ते देणाऱ्या केंद्राचं मोजमाप, प्लॅनिंग, रोज रुग्णाला त्याच जागी झोपवणं हे सगळं काटेकोर असावं लागतं. २५ बैठकांत एका दिवशी थोडं इकडेतिकडे झालं तर तो पंचविसावा भाग. पाचात तो पाचवा भाग!

हा निकाल छापून आला एप्रिल २०२० च्या शेवटी. आठवा ते दिवस. मुंबईत लोकल बंद होती, दवाखान्यात जाणं हीच भीती होती. पंधरा फेऱ्यांच्या जागी पाच, याची किंमत तेव्हा सगळ्यांना एकदम कळली. ब्रिटनमध्ये पाच दिवस त्याच काळात रुळले. आमच्या नातेवाईक बाई त्यातल्याच.

आपल्याकडे सगळ्यांना पाच का नाही?

मशीन नाही म्हणून, असं उत्तर बरोबर नाही. पाच बैठका त्याच लिनॅकवर, म्हणजे क्ष-किरण तयार करणाऱ्या त्याच यंत्रावर देतात.

खरं कारण, चाचणीतल्या स्त्रिया आणि आपल्याकडच्या स्त्रिया एकसारख्या नाहीत. आपल्याकडे हा आजार तुलनेने तरुण वयात दिसतो, बऱ्याच जणी उशिरा येतात, गाठ मोठी असते, काखेत पसरलेलं असतं, पूर्ण स्तन काढावा लागलेल्या जास्त. फास्ट-फॉरवर्डच्या मुख्य निकालात काखेतल्या आणि गळ्याजवळच्या गाठींना रेडिएशन देण्याचा प्रश्न नव्हता. तिथे खांद्याकडे जाणाऱ्या नसा असतात, त्यांना मोठे तुकडे किती झेपतात हे वेगळं पाहावं लागतं. म्हणून कोलकात्याच्या टाटा मेडिकल सेंटरच्या पुढाकाराने आपल्याकडच्या रुग्णांवर 'हायपोर्ट-अ‍ॅडज्युव्हंट' नावाची चाचणी उभी राहिली: २६ ग्रे एका आठवड्यात की ४० ग्रे तीन आठवड्यांत. असला प्रश्न आपल्याच स्त्रियांवर तपासला जातोय ही मला फार मोलाची गोष्ट वाटते.

आणि याची गरज आपल्यालाच जास्त आहे. समजा एका मशीनवर दिवसाला ५० बैठका होतात आणि वर्षात २५० दिवस ते चालतं. म्हणजे १२,५०० बैठका. २५ बैठकांच्या हिशोबाने ५०० रुग्ण. १५ च्या हिशोबाने ८३३. पाचाच्या हिशोबाने २,५००. परळच्या टाटा मेमोरियलला (१९४१ पासून चालू, १९६२ पासून अणुऊर्जा खात्याकडे) देशभरातून माणसं येतात, बाहेर फूटपाथवर बिऱ्हाड मांडून बसलेली कुटुंबं मुंबईकराने पाहिलेली आहेत. त्यांच्यासाठी दहा बैठका कमी होणं म्हणजे दोन आठवडे लवकर गावाला.

जाता जाता मशीनबद्दल. लिनॅक महाग, त्याला सलग वीज आणि देखभाल लागते. म्हणून भाभा अणुसंशोधन केंद्राने खारघरच्या अ‍ॅक्ट्रेकसोबत 'भाभाट्रॉन' हे स्वदेशी कोबाल्ट मशीन बनवलं, एक तर व्हिएतनामलाही भेट दिलं. कोबाल्ट-६० ची अर्धायु ५.२७ वर्षं. म्हणजे नवा स्रोत असताना जो डोस द्यायला दोन मिनिटं लागतात, त्यालाच सव्वापाच वर्षांनी चार मिनिटं लागतात. डोस तोच, फक्त रुग्णाला जास्त वेळ स्थिर पडून राहावं लागतं.

बूस्ट म्हणजे काय, आणि तो सगळ्यांना का नसतो

मावशीच्या फाईलवरचे १० ग्रे, ५ # ते बूस्टचे. पूर्ण स्तनाला डोस झाल्यावर, गाठ होती त्या जागेला थोडा जास्त डोस. आजार परतला तर बहुतेक वेळा तिथेच परततो. युरोपातल्या ५,३१८ रुग्णांच्या चाचणीत वीस वर्षांत त्याच स्तनात आजार परतणं १६.४ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर आलं. चाळिशीच्या आतल्या स्त्रियांत ३६ वरून २४.४ वर. वय जास्त आणि गाठ सौम्य असेल तर फायदा थोडा आणि स्तन कडक होण्याचा त्रास मात्र तेवढाच, मग डॉक्टर बूस्ट टाळतात. मावशी ४९ ची, गाठीचा प्रकार जरा आक्रमक, म्हणून तिला दिला.

आता काही केंद्रं बूस्ट वेगळा न देता त्याच १५ बैठकांत सामावून देतात. म्हणून शेजारणीला १५ आणि तुम्हाला २० असं होऊ शकतं, आजार सारखाच असून.

दुसऱ्या टोकाला, ६५ च्या पुढच्या, लहान गाठ, काख स्वच्छ, हार्मोनची गोळी घेणाऱ्या स्त्रियांमध्ये रेडिएशन नाही घेतलं तर काय, हेही पाहिलं गेलंय. १,३२६ जणींच्या 'प्राइम-२' चाचणीत दहा वर्षांनी जगण्यात फरक नव्हता, पण त्याच स्तनात आजार परतणं रेडिएशन न घेतलेल्यांत ९.५ टक्के आणि घेतलेल्यांत ०.९ टक्के. गोळी रोज, वर्षानुवर्षं घेणार असाल तरच हा पर्याय. घरातल्या आजीसाठी हा प्रश्न डॉक्टरांना जरूर विचारा, पण स्वतःच ठरवून बसू नका.

प्रत्यक्षात काय होतं

"पाच दिवस" ऐकून पाच दिवसांची रजा टाकू नका. आधी सिम्युलेशनचा सीटी स्कॅन असतो. हात डोक्यावर घेऊन झोपवतात, त्या स्थितीत स्कॅन करतात आणि कातडीवर सुईच्या टोकाएवढे दोन-तीन ठिपके गोंदवतात किंवा शाईच्या खुणा करतात. ऑपरेशनच्या बाजूचा हात वर जात नसेल तर इथेच गाडी अडते. म्हणून ऑपरेशननंतर सांगितलेले खांद्याचे व्यायाम टाळू नका. मावशीचं सिम्युलेशन याच कारणाने आठवडाभर पुढे गेलं.

मग डॉक्टर आणि भौतिकशास्त्रज्ञ मिळून प्लॅन करतात, त्याला काही दिवस लागतात. डाव्या स्तनाच्या मागे हृदय असतं. २०१३ साली २,१६८ स्त्रियांच्या अभ्यासात दिसलं की हृदयाला मिळणाऱ्या सरासरी डोसच्या दर एका ग्रेमागे हृदयविकाराचा धोका ७.४ टक्क्यांनी वाढतो. यावर उपाय साधाच आहे: मोठा श्वास भरून धरायचा. फुप्फुस फुगलं की हृदय छातीच्या भिंतीपासून मागे सरकतं आणि किरण तेवढ्या वेळातच सोडतात. मावशी घरी मोबाईलवर वीस सेकंदांचा टायमर लावून सराव करायची, वर आम्हाला "गप्प बसा" म्हणायची. डाव्या बाजूचा आजार असेल तर तुमच्या केंद्रात ही सोय आहे का, विचारा.

रोजचं काम खोलीत दहा-पंधरा मिनिटं, त्यातले किरण काही मिनिटंच. दुखत नाही. घरी आल्यावर नातवाला मांडीवर घेता येतं, अंगात किरण राहत नाहीत.

बाकी वेळ जातो तो प्रवासात. चारकोपहून रिक्षाने कांदिवली स्टेशन, लोकल, पुन्हा टॅक्सी: आमचे एका बाजूला दीड तास. २० दिवसांचे ६० तास. काकूंचे त्या हिशोबाने ९९ झाले असते, आणि पाच दिवसांत १५. लोकलमध्ये दिव्यांगांच्या डब्यातून कर्करोगाच्या रुग्णांना जाता येतं, कागद जवळ ठेवा. हे आम्हाला सातव्या दिवशी कळलं! खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत रेडिएशन बसतं का, हे सिम्युलेशनच्या आधीच रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा, मध्येच कागद जमवायची धावपळ नको.

एखादा दिवस चुकला तर?

रुळांवर पाणी, मशीन बंद, घरात ताप. होतं असं. चुकलेला दिवस गुपचूप सोडून देऊ नका, त्याच दिवशी विभागाला फोन करा. ते शनिवारी बोलावतील, शेवटी एक दिवस जोडतील किंवा कधी एकाच दिवशी किमान सहा तासांच्या अंतराने दोन बैठका देतील. हे ठरवायला हिशोब लागतो आणि तो त्यांचा भौतिकशास्त्रज्ञ करतो. पावसाळ्यात आमची एक बैठक गेली, ती शेवटी जोडली गेली. एकूण बैठका २० च्या २० झाल्या.

कातडीचं एक ध्यानात ठेवा. लालसरपणा, खाज, काळसरपणा हे उपचार संपल्यावर एक-दोन आठवड्यांनी सगळ्यात जास्त दिसतं. पाच दिवसांच्या वेळापत्रकात तर सगळं संपून घरी बसल्यावरच सुरू होतं, आणि मग माणूस घाबरतो की काहीतरी बिघडलं. सैल सुती कपडे घाला, सौम्य साबण वापरा, विचारल्याशिवाय हळदीचा लेप किंवा बाम लावू नका. कातडी सोलवटली, पाणी सुटलं किंवा ताप आला तर वाट न बघता दाखवा. थकवाही नंतर काही आठवडे राहतो.

शेवटच्या दिवशी बाहेर पडताना उपचाराचा सारांश मागून घ्या. कोणती बाजू, एकूण किती ग्रे, किती बैठका, बूस्ट कुठे आणि किती, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत. पुढे कधी त्याच भागाला पुन्हा रेडिएशनचा प्रश्न आला तर दुसऱ्या गावातला डॉक्टर सगळ्यात आधी हाच कागद मागेल. काकूंच्या २००८ च्या फाईलमध्ये तो नव्हता, फक्त पावत्या होत्या. मावशीचा मी स्कॅन करून तिच्या मुलाला, मला आणि तिच्या स्वतःच्या व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून ठेवलाय, आणि मूळ कागद तिच्या कपाटात, रेशनकार्डाच्या पिशवीत आहे.